सहा खिळ्यांची फळी

माझी सगळी नोकरी डबे शोधण्यात गेली. बेंगळूरच्या एवढ्या मोठ्या कारखान्यात मी प्रोग्रेस खात्यात आहे म्हटल्यावर गावाकडच्या लोकांना वाटे, काहीतरी फार पुढारलेलं काम असणार. आईनं त्या जोरावर माझ्यासाठी दोन स्थळंही आणली होती. खरं काम असं होतं की सकाळी हातात एक यादी घ्यायची, आणि यादीतला माल कारखान्याच्या कुठल्या कोपऱ्यात अडकून पडलाय ते हुडकत संध्याकाळपर्यंत हिंडायचं. सापडला की ज्याच्याकडं तो अडकलाय त्याच्या मागं लागायचं. त्यानं चार शब्द ऐकवले तर ऐकून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी तीच यादी दोन ओळींनी वाढून परत हातात यायची.

आज या वयात सकाळी उठल्यावर पहिल्यांदा दुखतात ते पाय. डॉक्टर म्हणतात वय झालं. मी हो म्हणतो, पण मला ठाऊक आहे की ते वय नाही, ती कारखान्याची सिमेंटची जमीन आहे.

मी बेळगावकडचा. पन्नासच्या दशकाच्या शेवटी मॅट्रिकचा दाखला आणि एका लांबच्या मामांची चिठ्ठी घेऊन बेंगळूरला उतरलो आणि चामराजपेटेत एका गल्लीत खोली घेऊन राहिलो. कारखाना शहराबाहेर होता. सकाळी थंडीत कोपऱ्यावर उभं राहायचं, कारखान्याची बस यायची, आणि बसमध्ये अर्धी माणसं बसल्या बसल्या पुन्हा झोपायची. त्यात मीही असे.

आमच्याकडं लेथ बनत. एका लेथला शेकडो भाग लागतात आणि प्रत्येक भागाला पाचसहा ठिकाणी फिरून यावं लागतं. आधी सळी कापायची, मग ती लेथवर घ्यायची, मग मिलिंग, मग भट्टीत घालून कडक करायची, मग ग्राइंडिंग, आणि शेवटी असेंब्ली. एका खेपेचे सगळे भाग एका लोखंडी डब्यात असत. डब्याच्या कडीला तारेनं एक जाड कार्ड बांधलेलं असे. त्या मालानं कुठून कुठं जायचं ते कार्डावर ओळीनं लिहिलेलं. एका विभागातलं काम संपलं की तिथला कारकून त्या ओळीपुढं शिक्का मारी आणि डबा पुढच्या विभागात जाई. कार्ड नसलेल्या डब्याला कोणी हात लावायचा नाही, हा पक्का नियम. परदेशातून आलेल्या तज्ज्ञांनी ही पद्धत बसवून दिली होती आणि ते आपल्या देशी परत गेले होते. कागदावर तीत काही खोट नव्हती.

खोट आमच्यात होती. मशीन रिकामं दिसलं की साहेब चिडत, म्हणून जो तो नवी खेप सुरू करून ठेवी. सुरू करायला काय लागतं? सळी कापली की झालं. पुरं करायचं म्हटलं की मात्र एकाला दुसऱ्याची वाट बघावी लागे. मग डबे साठत. मशीनच्या मागं, मशीनच्या पुढं, जिन्याखाली, रस्त्यात, डब्यावर डबा. कारखान्यात ट्रॉली जायला वाट उरत नसे. एखादी खेप वेळेवर सापडली नाही की साहेब हुकूम सोडत, दुसरी सुरू करा. मग हरवलेली पहिली सापडे आणि दोन्ही मिळून वाट अडवून बसत. तातडीच्या मालाला लाल कार्ड लावायची एक टूम निघाली होती. वर्षभरात निम्मा कारखाना लाल झाला आणि लाल कार्डाकडं बघायचं लोकांनी सोडून दिलं. माझ्यासारख्यानं दिवसभर ओरडून काही होईल असं नव्हतंच, पण ओरडण्याचा पगार मिळत होता म्हणून मी ओरडत होतो.

रोज सकाळी साहेबांच्या खोलीत बैठक भरे. साहेब म्हैसूरकडचे, बोलत इंग्रजीत आणि रागावत कन्नडमध्ये. आमच्यापुढं कार्डांच्या नकला मांडलेल्या असत आणि ते एकेका मालाचं नाव घेऊन विचारत, कुठवर आला? कालच्याच जागी आहे म्हटलं की संपलंच. त्यात मी अजून नोकरीत पक्का झालो नव्हतो. माझ्या नावापुढं साहेबांची एक सही व्हायची होती आणि ती झाली नाही तर मला बेळगावची गाडी पकडावी लागणार होती.

या बैठकीतून एक रीत जन्माला आली होती. आम्ही तिला 'कार्ड पुढं नेणं' म्हणायचो. डबा मागच्या विभागातच असायचा, पण आम्ही पकडीनं तार तोडायचो, कार्ड सोडवायचो, शिक्का मारून घ्यायचो आणि कार्ड तेवढं पुढच्या विभागात नेऊन ठेवायचो. साहेबांनी विचारलं की छाती पुढं काढून सांगायचं, पुढं गेला. संध्याकाळपर्यंत डबाही कार्डामागून जाई, आणि नाही गेला तर दुसऱ्या दिवशी बघू. महिनाअखेर आली की हे सर्रास चाले. शिक्के एकमेकांच्या टेबलावर पडलेले असत. त्यात कोणाला काही पाप वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

सगळ्या कारखान्यात एकच जागा अशी होती की तिथं कार्ड आणि डबा कधी वेगळे झाले नाहीत. ग्राइंडिंग विभागात, खिडकीजवळच्या मोठ्या मशीनवर, अण्णा काम करत. त्यांना सगळेच अण्णा म्हणत. पंचेचाळिशीचे, अंगानं बारीक, कानावर पेन्सिल. घराणं मराठी, पण कितीतरी पिढ्यांपासून बेंगळुरातच. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असे आणि माझ्या मराठीला ते हसत. त्यांच्या मशीनशेजारी भिंतीवर एक लाकडी फळी होती आणि फळीवर सहा खिळे. डबा आला की अण्णा स्वतः भाग मोजत, मग कडीचं कार्ड सोडवून एका खिळ्याला अडकवत. काम झालं की कार्ड काढून पुन्हा कडीला बांधत. सहाही खिळे भरलेले असले तर सातवा डबा ते उतरवून घेत नसत. मग तो लाल कार्डाचा असो, नाहीतर साहेबांचा सांगावा घेऊन आलेला असो.

पहिल्यांदा माझा डबा त्यांनी असा परत पाठवला तेव्हा मी भांडायलाच गेलो होतो. त्यांनी मला स्टुलावर बसवलं.

"स्वल्प बैस रे. माझ्यापाशी डबे मावतात सहा. सातवा आला तर तो वाटेत बसतो, आठवा त्याच्या डोक्यावर बसतो. मग खालचा मला दिसत नाही. दिसत नाही ते मी विसरतो, आणि विसरलेला माल गंजतो. आता तूच सांग, सातवा खिळा कशाला मारू?"

"पण मागं डबे तुंबतात त्याचं काय?"

"तुंबू देत की. तुंबलं की मागच्याला कळतंय, कापायचं थांबवावं म्हणून. माझ्यापाशी आणून टाकलं तर कोणालाच कळत नाही."

ही अक्कल कोणत्या तज्ज्ञानं दिली म्हणून मी विचारलं. अण्णांचे वडील चामराजपेटेत शिंपी होते. दुकानाच्या भिंतीला खुंट्या होत्या, आणि खुंटी रिकामी असेल तरच ते नवं कापड शिवायला घेत. सणाच्या तोंडावर लोक रागावून दुसऱ्या शिंप्याकडं जात. तिथं सण उलटून गेला तरी कपडे मिळत नसत, म्हणून पुढच्या वर्षी परत येत. अण्णा हे सांगताना हसत होते, पण फळीकडं बघून एवढंच म्हणाले, "ही फळी गेली तर मग मी मशीन चालवून काय करू? सुम्मने, उगाच चाक फिरवायला कोणीही चालतंय."

फळी जाण्याची भीती खोटी नव्हती. साहेबांना ती सलत होती. कारखान्याची एक पद्धत ठरलेली असताना एका कामगारानं भिंतीवर आपलं वेगळं राज्य थाटावं हे त्यांना पटत नव्हतं. मागच्या विभागांच्या तक्रारी होत्याच. फक्त अण्णांकडं कधी काही हरवलं नव्हतं, कधी उशीर झाला नव्हता, त्यामुळं साहेबांना बोट ठेवायला जागा मिळत नव्हती. एक चूक सापडली की फळी जाणार आणि फळीबरोबर अण्णाही मशीनवरून जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं, आणि ते ठाऊक असूनच मी पुढचं सगळं केलं.

अण्णांचं घर माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून होतं. रविवारी ते मला जेवायला बोलवत. त्यांच्या बायकोला सगळी पेठ अक्का म्हणे. अक्का माझ्या पानात वाढताना विचारत, "आठवडाभर चालून चालून काय मिळवलंस?" आणि उत्तराची वाट न बघता आणखी एक भाकरी टाकत. त्या घरात मला आठवड्यातून एकदा माणसासारखं वाटत असे. कारखान्यातही पाय अगदी बोलायला लागले की मी अण्णांच्या फळीपाशी जाऊन उभा राहायचो. सहा कार्डं, खाली सहा डबे. बघितलं तरी थकवा जरा उतरायचा.

त्या महिनाअखेरीला एक लेथ असेंब्लीत अडून बसला होता. त्याला लागणाऱ्या शाफ्टची बारा नगांची खेप यायची होती. यादीत तिच्याखाली साहेबांनी दोनदा रेघ ओढली होती. शाफ्ट भट्टीपाशी होते, रांगेत पाचव्या जागी, आणि भट्टीत एका वेळी जेवढं मावतं तेवढंच मावतं. मी सकाळी जाऊन बघून आलो होतो. आज काही त्यांचा नंबर लागत नव्हता.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "शाफ्ट?"

खरं सांगायला फार तर दोन वाक्यं लागली असती. पण सलग तिसऱ्या दिवशी ती दोन वाक्यं सांगायची माझ्यात ताकद नव्हती. मी म्हणालो, "ग्राइंडिंगला गेलेत, साहेब."

"ठीक. दुपारी मी तिकडं येतोच आहे," साहेब म्हणाले.

बैठक संपल्यावर मी तडक भट्टीपाशी गेलो. कारकून कॉफीला गेला होता, शिक्का टेबलावरच होता. मी पकडीनं तार तोडली, कार्ड घेतलं, शिक्का उमटवला आणि ग्राइंडिंगला आलो. कार्ड नुसतं मशीनवर ठेवून भागणार नव्हतं. साहेब अण्णांकडं आले की फक्त फळी बघत, कारण फळीवर कार्ड असलं म्हणजे माल आहे, एवढं त्यांनाही कळून चुकलं होतं.

फळीवर पाच कार्डं होती. सहावा खिळा रिकामा होता.

"डबा कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"मागनं येतोय. ट्रॉलीला वाट नाहीये."

"मग येऊ दे की. डबा आला की अडकवतो."

"अण्णा, साहेब दुपारी येणार आहेत. मी सांगून बसलोय. कार्ड दिसलं नाही तर माझं काही खरं नाही. दुपारपर्यंत डबा आणून देतो."

अण्णांनी मशीन थांबवलं. काम चालू असताना ते मशीन सहसा थांबवत नसत. कार्ड हातात घेऊन त्यांनी शिक्का बघितला, मग माझ्याकडं बघितलं. तो शिक्का कसा आलाय ते त्यांना कळलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

"दुपारपर्यंत ना?"

"दुपारपर्यंत."

"सरी," असं त्यांच्या कन्नडात बरं म्हणून त्यांनी कार्ड सहाव्या खिळ्याला अडकवलं.

दुपारी साहेब आले, फळी बघितली, मान हलवली आणि गेले. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आणि मग जे झालं ते सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी विसरलो. कपटानं नाही, ठरवून नाही. यादीत आणखी चाळीस ओळी होत्या, प्रत्येकीमागं कोणीतरी डोक्यावर बसलेलं होतं, आणि जी ओळ ओरडत नव्हती ती माझ्या डोक्यातून गेली. अण्णांनी दुसऱ्या दिवशी आठवण केली. मी हो हो म्हणालो आणि दुसऱ्याच खेपेमागं पळालो. तिसऱ्या दिवशी भट्टीवर गेलो तर डबा तिथं नव्हता. कार्ड नसलेल्या डब्याला कोणी हात लावायचा नाही, हा नियम. भट्टीवाल्यांनी काम म्हणून हात लावला नाहीच, पण वाट अडवतोय म्हणून कोणीतरी तो कुठंतरी सरकवला होता. शेकडो डब्यांत बिनकार्डाचा एक डबा. मी दोन दिवस हुडकला आणि माझ्या नाकी नऊ आले.

पाचव्या दिवशी असेंब्लीनं शाफ्ट मागितले. कार्ड फळीवर होतं आणि खाली डबे पाचच होते.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. अण्णा टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांच्या बोटांना तेलाचा वास येत होता हे मला आठवतं, कारण मी त्यांच्या अगदी शेजारी उभा होतो. साहेबांनी मलाच विचारलं, "तू कार्ड दिलंस तेव्हा डबा बरोबर होता की नाही?"

मी म्हणालो, "साहेब, कार्ड त्यांनी स्वतःच्या हातानं खिळ्याला अडकवलं. आणि डबा आल्याशिवाय ते कार्ड अडकवत नाहीत, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. ही दोन वाक्यं मी रात्री अंथरुणावर जुळवून ठेवली होती असं म्हणता आलं असतं तर निदान स्वतःचा राग तरी करता आला असता. पण ती तिथल्या तिथं, आपसूक तोंडातून आली. अण्णांनी इतकी वर्षं फळी राखून जो विश्वास कमावला होता, तोच उचलून मी त्यांच्या डोक्यात घातला.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखाद्या भागाचं माप चुकीचं आलं की ते पुन्हा एकदा मोजून बघत, तसं बघितलं. मग साहेबांकडं वळून म्हणाले, "हो. मीच अडकवलं. डबा न बघता अडकवलं. चूक माझी आहे."

त्यांनी माझं नाव का घेतलं नाही याचा मी पुष्कळ विचार केलेला आहे. मी पक्का व्हायचा होतो म्हणून असेल. अक्कांनी इतके रविवार वाढलेलं होतं म्हणून असेल. किंवा त्यांना खरंच तसं वाटत असेल, की डबा न बघता कार्ड अडकवलं म्हणजे चूक त्यांचीच. मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की मी तेव्हा तोंड उघडू शकत होतो आणि मी मूग गिळून उभा राहिलो. शिवाय खोलीतून बाहेर पडल्यावर मला हायसंही वाटलं.

दोन दिवसांनी सुतार येऊन फळी काढून घेऊन गेला. भिंतीवर तिच्या जागी फिक्या रंगाचा एक चौकोन राहिला. अण्णांना टूल स्टोअरमध्ये पाठवलं, म्हणजे जाळीच्या खिडकीमागं बसून कामगारांना हत्यारं द्यायची आणि परत घ्यायची. त्यांच्या मशीनवर एक तरणा माणूस आला. कोणालाही नाही म्हणायचं नसतं हे त्याला शिकवूनच पाठवलेलं होतं. महिन्याभरात त्या मशीनभोवती डब्यांवर डबे चढले आणि मला तिथंही माल हुडकावा लागायला लागला. माझ्या नावापुढं साहेबांची सही झाली.

रविवारी मी त्यांच्याकडं जाणं बंद केलं. त्यांनी येऊ नको म्हटलं नव्हतं. बसमध्ये दिसले की मी मागची जागा धरायचो. संक्रांतीला त्यांनी बसमधून उतरताना माझ्या हातात कागदाची पुडी दिली. "अक्कानं दिलंय. एळ्ळु-बेल्ल." तीळ, गूळ, खोबऱ्याचे काप. मी ती पुडी टेबलाच्या खणात ठेवली आणि तिला मुंग्या लागेपर्यंत उघडली नाही.

वर्ष-दीड वर्षानं कारखान्यात पडलेल्या सगळ्या अर्धवट मालाची मोजणी निघाली. असेंब्लीत जायला वाटच उरली नव्हती, म्हणून वरून हुकूम आला की जे पडलंय ते सगळं बाहेर काढा आणि लिहून काढा. भट्टीचा भाग माझ्याकडं आला. मागच्या भिंतीला तेलाचे रिकामे पिंप रचलेले होते. ते हलवले तर मागं एक डबा होता. आत शाफ्ट, वर गंज चढलेला. मी मोजले. बारा होते. कडीला तारेचा एक तुकडा अजून गुंडाळलेला होता, पकडीनं तोडलेला. तोडलेलं टोक चमकत नव्हतं, पण सरळ कापलेलं होतं, कोणीही बघून सांगितलं असतं की हे कार्ड आपोआप गळून पडलेलं नाही.

मी तो तुकडा कडीवरून सोडवला आणि खिशात घातला. माझ्यासोबत मोजायला आलेला माणूस पलीकडं पिंप लोटत होता.

जेवणाच्या सुट्टीच्या बऱ्याच आधी मी ठरवलं की आज अण्णांना जाऊन सांगायचं. डबा सापडला, आणि साहेबांकडंही मी जाऊन सांगतो. नुसतं जायला धीर होईना, म्हणून निमित्त काढलं. गंज घासल्यावर शाफ्ट वापरता येतील का ते बघायला माप घ्यावं लागणार होतं. मायक्रोमीटर टूल स्टोअरमध्येच मिळे.

टूल स्टोअरची रीत अशी. प्रत्येक कामगाराकडं आपल्या नंबराचे पितळी बिल्ले असत. हत्यार हवं तर बिल्ला द्यायचा. आत भिंतीवर प्रत्येक हत्याराचा एक खिळा होता. हत्यार काढलं की त्या जागी बिल्ला अडकवायचा. हत्यार परत आलं की बिल्ला परत. मला नेहमी वाटे, कारखान्यात अण्णांसाठी हीच एक जागा उरली होती.

जाळीपाशी गर्दी नव्हती. अण्णांनी चष्मा लावलेला होता. तो मी पहिल्यांदाच बघत होतो.

"काय रे. बरा आहेस?"

"बरा आहे. मायक्रोमीटर पाहिजे होता."

"कशाला?"

"शाफ्ट मोजायचेत. जुने आहेत. भट्टीमागं सापडले."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"किती?"

"बारा."

त्यांच्या मागं भिंतीवर ओळीनं खिळे होते, काहींवर हत्यारं, काहींवर बिल्ले. सांगायचं ते सांगायला याहून चांगली वेळ आली नसती. माझा हात खिशात होता आणि बोटाला तार लागत होती. त्यांनी जाळीखालून हात पुढं केला.

"बिल्ला?"

मी दुसरा खिसा चाचपला. बिल्ले कोटात होते आणि कोट ऑफिसात खुर्चीवर होता.

"राहिला की अण्णा. आत्ता द्या ना. दुपारपर्यंत आणून देतो."

बोलून गेल्यावर मला माझेच शब्द ऐकू आले. अण्णांनाही आले असणार. त्यांचा हात तसाच जाळीखाली होता. मग तो त्यांनी मागं घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. बरंच काम करून थकलेल्या माणसासारखे ते दिसत होते.

"सरी," ते म्हणाले. "मग दुपारीच ये."

मी ऑफिसात गेलो, कोटातून बिल्ला काढला आणि लगेच परत न जाता दुपार होईपर्यंत टेबलाशी बसून राहिलो. दुपारी गेलो. जाळीपाशी आता रांग होती. माझी पाळी आल्यावर मी बिल्ला दिला. अण्णांनी आधी तो खिळ्याला अडकवला आणि मग मायक्रोमीटर काढून माझ्या हातात ठेवला. माझ्या मागं माणसं उभी होती. मी बाजूला झालो, आणि जे सांगायला गेलो होतो ते त्या दिवशी सांगितलं नाही, नंतरही कधी नाही.